सीबिस्किटचा स्वार

सीबिस्किट या अमेरिकन घोड्याची गोष्ट लॉरा हिलनब्रँड यांच्या २००१च्या पुस्तकामुळे आणि २००३च्या चित्रपटामुळे जगभर पोचली. बुटका, गुडघ्यांत अधू, पहिल्या सतरा शर्यतींत एकदाही न जिंकलेला घोडा विजेता होतो, अशी ती गोष्ट. पण घोडा कुळाने हलका नव्हता. विख्यात मॅन ओ' वॉरचा तो नातू. दुसऱ्या वर्षीच त्याला ३५ शर्यतींत पळवून दमवले होते. १९३६ साली मोटारींचे व्यापारी चार्ल्स हॉवर्ड यांनी त्याला ८,००० डॉलरला घेतले आणि टॉम स्मिथ या मितभाषी प्रशिक्षकाच्या हाती दिले. घोड्याला विश्रांती मिळाली, समजून घेणारा माणूस मिळाला. खरा उपेक्षित होता तो त्याच्या पाठीवरचा स्वार.

रेड पोलार्ड हा कॅनडातला जॉकी. सरावात डोक्याला मार लागून त्याचा उजवा डोळा गेला होता. ही गोष्ट कळती तर त्याला शर्यतीत उतरूच दिले नसते. मंदीच्या त्या काळात दुसरे काम कुठे मिळणार? त्याने ती लपवली.

१९३७च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सांता अनिताची एक लाख डॉलरची शर्यत झाली. सीबिस्किट पुढे होता. शेवटच्या टप्प्यात रोझमाँट बाहेरच्या अंगाने आला आणि नाकभर फरकाने जिंकला. अमेरिकेत घोडे डावीकडे वळत धावतात. बाहेरची बाजू म्हणजे उजवी, पोलार्डच्या गेलेल्या डोळ्याची. वर्तमानपत्रांनी त्याला बेसावध ठरवले. खरे कारण सांगावे तर पोट जाणार. तो गप्प राहिला. हॉवर्ड यांनी मात्र त्याला काढले नाही.

१ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर सीबिस्किटची गाठ वॉर ॲडमिरलशी पडली. तो १९३७चा तिहेरी मुकुटाचा मानकरी, मॅन ओ' वॉरचा मुलगा. म्हणजे सीबिस्किटचा काकाच. प्रारंभ घंटेवर होणार होता, म्हणून स्मिथने घोड्याला घंटेच्या आवाजावर झेप घ्यायला शिकवले होते. पोलार्ड तेव्हा मोडलेला पाय घेऊन रुग्णालयात होता. खोगिरावर त्याचा मित्र जॉर्ज वुल्फ बसला. पोलार्डने त्याला फोनवर सल्ला दिला: प्रतिस्पर्ध्याला बरोबरीला येऊ दे. सीबिस्किटला त्याचा डोळा दिसला की तो पेटतो. तसेच घडले. सीबिस्किट चार लांबींनी जिंकला. घोड्याने काय पाहावे, हे एका डोळ्याच्या माणसाला नेमके ठाऊक होते.

१९३९मध्ये सीबिस्किटचाही पाय दुखावला. हॉवर्ड यांच्या रँचवर दोघे लंगडे सोबतच बरे झाले. २ मार्च १९४० रोजी तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी सांता अनिता जिंकली. ४,३७,७३० डॉलरच्या विक्रमी कमाईनिशी घोडा निवृत्त झाला.

पोलार्डला निवृत्ती परवडणारी नव्हती. त्या काळच्या जॉकींना ना विमा, ना पेन्शन. त्यांची संघटना १९४० सालीच उभी राहिली. पोलार्ड पुढेही पडत, मोडत घोडे दौडवत राहिला आणि १९८१ साली गेला. वुल्फ तर १९४६ साली सांता अनिताच्याच मैदानावर घोड्यावरून पडून प्राणाला मुकला.

सीबिस्किटचा पुतळा आज सांता अनिताला उभा आहे. घोड्याला मान मिळाला, तो योग्यच. पण ही गोष्ट पुन्हा सांगताना तिची किंमत कोणाच्या हाडांनी मोजली, हेही सांगायला हवे.