धुराडी आणि इंदूरची चित्रकला

इंदूरच्या पश्चिम अंगास असलेल्या बडा गणपतीची सुमारे पंचवीस फुटी मूर्ती १९०१ साली उभी राहिली. त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकास, ईशान्येकडे, कापडगिरण्यांची वस्ती वाढू लागली. सरकारी गिरणी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीतच निघाली होती. माळवा, हुकुमचंद, राजकुमार या गिरण्या विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत आल्या. उन्हाळ्यात सूर्य साधारणतः ईशान्येकडेच झुकून उगवतो. तेव्हा बडा गणपतीपासून पूर्वेस पाहिले असता उगवते बिंब आणि गिरण्यांचा धूर एकाच दिशेस येत.

नेमका हाच विषय युरोपात एका नव्या चित्रपंथाचा आरंभ ठरला होता. क्लोद मोने याने १८७२ मध्ये ल हाव्र बंदराचा सूर्योदय रंगविला. त्यात शिडाच्या काठ्यांशेजारी धुराडीही आहेत. या चित्राच्या नावावरूनच पंथास ‘इम्प्रेशनिझम’ हे नाव पडले. पुढे १८९९ ते १९०१ या काळात तो लंडनला जाऊन थेम्स रंगवीत बसला. कोळशाच्या धुराने वस्तूंच्या कडा विरतात, अंतरे बुजतात, आणि प्रकाश पिवळा, जांभळा होऊन सर्वत्र पसरतो. त्याला तेच हवे होते. परंतु तो सॅव्हॉय या उंची हॉटेलच्या सज्जात बसलेला पाहुणा होता, हे विसरता कामा नये. त्याच लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धूरमिश्रित धुक्याने हजारो माणसे दगावली.

इंदुरात १९२७ साली द. दा. देवळालीकर यांनी चित्रशाळा सुरू केली. विद्यार्थ्यांना उघड्यावर, उन्हात नेऊन बसविण्याची आणि रंग ठसठशीत लावण्याची शिस्त त्यांनी लावली. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर ही त्या परंपरेतील मोठी नावे. फ्रेंच पंथाची दृष्टी येथे आली, पण तिच्याबरोबर धूर आला नाही. या शाळेची कीर्ती घाट, देवळे, उन्हाने तापलेल्या भिंती आणि नर्मदाकाठ यांच्या चित्रांवर उभी आहे. माळव्याचे कोरडे, स्वच्छ ऊन हे याचे एक कारण म्हणता येईल. लंडनसारखा दमट पडदा येथे धुराला मिळत नाही. मला मात्र दुसरे कारण अधिक पटते. ज्याच्या वाळत घातलेल्या धोतरावर काजळी पडते, त्याला त्या धुरात रंगच्छटा शोधावीशी वाटत नाही. चित्रवही घेऊन तो ओंकारेश्वर गाठतो.

ही उणीव मी दोष म्हणून सांगत नाही. मुंबईतही सुधीर पटवर्धन यांनी ‘लोअर परळ’ रंगविले ते २००१ साली, म्हणजे १९८२ च्या संपानंतर जवळजवळ दोन दशकांनी, बहुतेक धुराडी थंडावल्यावर. इंदूरची हुकुमचंद गिरणी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये मिळाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. पैसे त्यांच्या वारसांच्या हाती पडले.