प्रतीक्षेचे चार रविवार

नाताळ आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा सुट्टीच्या यादीतून. सरकारी नोकरीत गावोगावी फिरलेल्या माणसाला शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून आलेल्या फराळाच्या ताटाचीही ओळख असते. परंतु त्या सणाआधीचे चार आठवडे घरात कसे जातात, याची कल्पना फार थोड्यांना असते. मराठी ख्रिस्तीजन या दिवसांना ‘आगमनकाळ’ म्हणतात. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ येतो, त्या दिवशी तो सुरू होतो आणि वर्षपरत्वे बावीस ते अठ्ठावीस दिवस चालतो.

या काळाचा उगम पाहू गेल्यास तेथे मुले दिसत नाहीत, दिसतो तो उपवास. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. पुढे रोमच्या परंपरेत हा काळ चार रविवारांवर स्थिरावला. वेदीवरील वस्त्रांचा रंग जांभळा, म्हणजे पश्चात्तापाचा. थोडक्यात, हे प्रौढांचे व्रत होते. त्याचे बालकांच्या कौतुकात रूपांतर कसे झाले, ही कथा मात्र बरीच अलीकडची आहे, आणि तिचा आरंभ कॅथलिक घरात झालेला नाही.

योहान हिन्रिख विखेर्न हा हॅम्बुर्गचा ल्यूथरपंथी धर्मोपदेशक. १८३३ मध्ये त्याने शहराबाहेर निराधार मुलांसाठी ‘राऊहेस हाउस’ हे आश्रयगृह काढले. नाताळ किती दिवसांवर आला, हे तेथील मुले त्याला पुन्हा पुन्हा विचारीत, असे सांगतात. १८३९ मध्ये त्याने त्यांना चाकासारख्या लाकडी कड्यावर उत्तर मांडून दिले. चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक ज्योत वाढे. मोजता न येणाऱ्या लहानग्यालाही सण जवळ येत असल्याचे डोळ्यांनी दिसे. ज्यांना स्वतःचे घर नव्हते अशा मुलांसाठी निघालेली ही युक्ती पुढे घराघरांचे भूषण व्हावी, यात इतिहासाचा काही वेगळाच न्याय आहे.

कड्याभोवती सूचिपर्णी वृक्षांच्या हिरव्या डहाळ्या नंतर आल्या. घरच्या मेजावर वीसपंचवीस मेणबत्त्या मावणार कशा? तेथे रविवारच्या चारच उरल्या. १९२५ च्या सुमारास कोलोन येथील एका कॅथलिक चर्चमध्ये असे कडे टांगले गेले आणि दोन पंथांमधील भिंत या हिरव्या कड्याने सहज ओलांडली. कॅथलिकांनी त्याला आपल्या उपासनेचे रंग दिले. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, कारण त्या दिवशी अर्धी वाट सरल्याचा आनंद मानायचा असतो. कित्येक घरांत पहिल्या आठवड्यातील मेणबत्ती सर्वांत धाकट्या मुलाने लावायची, असा रिवाज आहे. दिवे मालवून घरची माणसे भोवती बसतात आणि लहानशी प्रार्थना होते.

याच्या जोडीला कॅथलिक घराच्या जुन्या रीती होत्याच. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, जर्मनी व ऑस्ट्रियात चेरीची निष्पर्ण डहाळी कापून घरात पाण्यात ठेवतात. उबेने ती नाताळपर्यंत फुलावी ही आशा. मुलाच्या हातून एखादे चांगले कृत्य झाले, की गोठ्यातील रिकाम्या गव्हाणीत त्याने गवताची एक काडी ठेवायची. बाळ येशूची मूर्ती तेथे नाताळच्या रात्रीच यायची; तोवर बाळाचे अंथरूण मऊ करणे हे मुलांचे काम.

दिवस मोजण्याची दुसरी एक तऱ्हाही होती. दारावर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि रोज एक पुसायची. गेरहार्ड लांग याच्या आईने त्याच्यासाठी पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ बांधले होते. त्या आठवणीतून १९०८ च्या सुमारास म्युनिकमध्ये त्याने छापील दिनदर्शिका काढली. पुढे तिला उघडणारी इवली दारे आली. हिटलरच्या राजवटीने या निरुपद्रवी वस्तूवरही हात टाकला. पक्षाने स्वतःच्या दिनदर्शिका काढल्या आणि त्यांतून ख्रिस्ती चित्रे वगळली. मुलाने कशाची वाट पाहावी हे ठरविण्याचे महत्त्व त्या राजवटीने पुरते ओळखले होते! परंतु ती राजवट १९४५ मध्ये संपली आणि १९४६ मध्ये श्टुटगार्टमध्ये दिनदर्शिका पुन्हा छापून निघाली.

मराठीलाही ही प्रतीक्षा परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यातील ‘पैलें पुराण’ हे विश्वोत्पत्तीपासून तारकाच्या वाट पाहण्यापर्यंतचे, आणि दुसरे त्याच्या आगमनाचे. म्हणजे आगमनकाळाचा सारा आशय ओवीत उतरून चार शतके लोटली. गोव्यात आणि वसईत नाताळाआधी घरची लहानथोर माणसे एकत्र बसून कुलकुल वळतात. दिवाळीपूर्वी करंज्यांना मुरड घालण्यासाठी जमलेल्या आपल्या घराहून ते दृश्य कितीसे वेगळे आहे?

या साऱ्या रीतींत अतिप्राचीन असे फारसे काही नाही. एक निघाली आश्रयगृहातून, एक आईच्या पुठ्ठ्यावरून, एक दारावरच्या खडूच्या रेघांतून. त्या टिकल्या, कारण त्यांना देऊळ लागत नाही, मुहूर्ताची सामग्री लागत नाही आणि गावही लागत नाही. एक मेज, चार ज्योती आणि वाट पाहणारे एखादे मूल एवढे पुरते. बदलीच्या गावी, भाड्याच्या घरात ज्यांनी आपले सण जपले आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.