रेक्स कॅफेतले भाषांतर

ऑगस्ट १९३९ मध्ये पोलिश लेखक विटोल्ड गोम्ब्रोविच जहाजाने ब्वेनोस आयर्सला उतरला तो चार दिवसांचा पाहुणा म्हणून. पंधरवडा उलटण्यापूर्वीच पोलंडवर आक्रमण झाले, आणि पाहुणा १९६३ पर्यंत तेथेच राहिला.

त्याच्या विजनवासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्याची दिनचर्या अधिक बोलकी वाटते. हाती पैसा नाही, स्पॅनिश जेमतेम, आणि कोरियेन्तेस रस्त्यावरच्या रेक्स कॅफेत बुद्धिबळाचे डाव. याच कॅफेत त्याच्या 'फेर्डीडुर्के' या कादंबरीचे स्पॅनिश भाषांतर घडले. कच्चा खर्डा तो स्वतःच मोडक्या स्पॅनिशमध्ये करी. मग क्यूबाचा लेखक व्हिर्हिलियो पिन्येरा आणि इतर मित्र एकेका शब्दावर वाद घालीत. पिन्येराला पोलिश येत नव्हते! मूळनिष्ठेचा घोष करणाऱ्या आपल्या भाषांतरमीमांसेने हे कॅफेतले मेज कोणत्या खान्यात बसवावे? पुस्तक १९४७ मध्ये निघाले. दखल फारशी कुणी घेतली नाही.

त्याच वर्षी तो तेथील पोलिश बँकेत नोकरीला लागला. कचेरीच्या वेळात, वरिष्ठांची नजर चुकवून, त्याने 'त्रान्स-अत्लान्तिक' लिहिली, तीही पोलिशमध्येच. तिच्या नायकाचे नाव गोम्ब्रोविच, आणि तो नुकताच ब्वेनोस आयर्सच्या धक्क्यावर उतरलेला आहे.