फिडलाच्या खुंट्या

इसवी सन १७९९ च्या ऑक्टोबरात तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला, त्याभोवतीचा थोडासा मुलूख आणि नेमून दिलेला पैसा. व्यंकोजीराजांनी कावेरीकाठी स्थापिलेल्या मराठी राज्याचा राजकीय इतिहास येथे जवळजवळ संपतो. दुसरा इतिहास मात्र येथूनच रंगू लागतो.

श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाला यंत्रांचा विलक्षण नाद होता. हवा उपसणारा पंप, वीज निर्माण करणारे यंत्र, हस्तिदंताचा मानवी सांगाडा, खगोलवेधाची साधने अशा वस्तू पाहुण्यांना राजवाड्यात पाहायला मिळत. १८०५ च्या सुमारास राजांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या. परमुलुखातले यंत्र आणायचे आणि त्याच्याकडून आपली भाषा वदवून घ्यायची, ही त्यामागची हौस. सत्ता गमावलेल्या राजाचा हा विरंगुळा होता असे कोणी म्हणेल. पण विरंगुळ्यासाठी खिळे जुळवीत बसणारे राजे इतिहासात फारसे आढळत नाहीत.

या सगळ्या परदेशी वस्तूंत एक वस्तू अशी होती की जी राजवाड्यात राहिली नाही, घरोघर गेली. ती म्हणजे फिडल, आपले व्हायोलिन. राजांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. दरबारातील वराहप्पय्यर यांना व्हायोलिनची विद्या अवगत होती, असे सांगतात. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी यांनी ते मद्रासच्या बाजूस शिकून घेतले, आणि दीक्षितरांचे शिष्य वडिवेलू यांनी त्यावर असे प्रभुत्व मिळवले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. वडिवेलू हे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् या बंधूंसह तंजावरच्या दरबारचेच कलावंत.

या मंडळींनी केले काय? लाकडाला हात लावला नाही. गज तोच, तारा चारच. बदलली ती आतली मांडणी. युरोपात शेजारशेजारच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात. येथे खुंट्या पिळून तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावल्या. त्यामुळे मधल्या दोन तारांतील अंतर मध्यमाचे झाले. षड्जही ठरावीक उंचीचा राहिला नाही. गायकाचा जो स्वर तोच वाद्याचा. उभे राहून हनुवटीखाली धरायचे वाद्य मांडी घालून बसलेल्या वादकाच्या छातीशी टेकले आणि त्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर विसावले. त्यामुळे डावा हात मोकळा झाला, आणि पट्टीवर पडदे नसल्यामुळे बोटाला हवे तसे घसरता आले. गमक त्या घसरण्यातच राहतो. ते वाद्य तोडी आणि भैरवी बोलू लागले, आणि शंभर वर्षांच्या आत कर्नाटक संगीताची मैफल त्याच्या साथीवाचून सुनी वाटू लागली.

पियानोच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे स्वर वाजवण्याआधीच ठरलेले असतात, पट्ट्यांमधल्या श्रुती वादकाच्या बोटाला सापडत नाहीत. हार्मोनियमचीही अडचण तीच. (त्याच कारणासाठी १९४० साली आकाशवाणीने त्याला आपल्या स्टुडिओचे दार बंद केले होते, आणि पुढे तीसएक वर्षे ते पुरते उघडले नाही.) वाद्य परके असण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न खुंट्या कोणाच्या हाती, हा होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न संगणकाच्या संदर्भात उभा राहिला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी छपाईयंत्र अडले की सर्वांना सूचना मिळावी अशी व्यवस्था केली होती. नवे यंत्र आले, पण त्याची मूळ संहिता त्यांना मिळेना. खुंट्या मोहोरबंद होत्या. १९८३ साली त्यांनी कोणालाही वाचता व बदलता येईल अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स दिले आणि संकल्पाला गाभा मिळाला. पुढे घरातल्या लहान यंत्रांचीही पाळी आली. लिंक्सिस कंपनीच्या राउटरमध्ये, म्हणजे इंटरनेट घरभर पोचवणाऱ्या डबीत, लिनक्स असल्याचे उघड झाले. परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ साली संहिता खुली करावी लागली, आणि २००४ मध्ये तीतून ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त फर्मवेअर उदयाला आली. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेली आज्ञावली. ती बदलताना चूक झाली तर यंत्र मुके होऊन बसते. खुंटी अधिक पिळली की तारही तुटतेच. पण तेवढ्यासाठी वादक खुंटीला हात लावायचे सोडत नाहीत.

तंजावरच्या प्रदेशात हे वारे सरकारी मार्गानेही पोचले. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली सादर केली. २०११ पासून तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप फुकट वाटले, त्यांत विंडोजच्या जोडीला बॉसही घातलेली असे. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एक निवडायची. ‘बॉस’मध्ये तमिळप्रमाणे मराठीतही काम करता येते, आणि तंजावरात घरी मराठी बोलणारी कुटुंबे अजून आहेत.