राजाश्रय आणि आबालाल रहिमान

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे नृसिंहवाडीचे दत्तमंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले, अशी परंपरा आहे. दत्ताच्या पादुकांवर सुलतानाने छत्र धरावे, यात या खोऱ्यातल्या भाविकांना काही वावगे वाटत नाही. याच पंचगंगेच्या वरच्या अंगाला, कोल्हापुरात, कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घराण्यातले आबालाल रहिमान राजर्षी शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार झाले. राजाश्रय कलावंताला बांधून टाकतो, असे आपण सहज म्हणतो. आबालालांचे काम पाहिले की हा समज पुन्हा तपासावा लागतो.

समज निराधार मात्र नाही. जर्मन चित्रकार आंटोन राफाएल मेंग्स (१७२८–१७७९) याला ड्रेस्डेन दरबारात चित्रकार असलेल्या वडिलांनी बालपणीच रोमला नेऊन राफाएलच्या चित्रांच्या नकला करायला बसवले. पुढे तो स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसचा चित्रकार झाला. माद्रिदच्या राजवाड्याची छते रंगवताना त्याची प्रकृती ढासळली. त्याच्या कामात देव, वीर आणि राजे यांचेच राज्य राहिले. प्राचीन पुतळ्यांवरून रेखाटन शिकवणारी ही युरोपीय शिस्त १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतही आली आणि आबालाल तिथेच घडले. शिक्षण त्याच कुळीचे, आश्रयही दरबारचा. फळ मात्र निराळे. महाराजांसाठी त्यांनी शिकारीची दृश्ये रंगवली, पण त्यांचे नाव टिकले ते रंकाळा, संध्यामठ आणि कोटितीर्थाच्या परिसरातील निसर्गचित्रांमुळे. पाण्यावरचा बदलता उजेड टिपणाऱ्या या चित्रांतून ना वंशाची थोरवी सांगितली जात होती, ना सत्तेचा दरारा.

मग त्यांचे श्रेय दरबाराला का द्यायचे? आबालाल मनस्वी होते. आश्रय नसता तरी त्यांनी तेच रंगवले असते, असे कुणी म्हणेल. पण मनस्वीपणाने चूल पेटत नाही. त्या काळी शिकलेल्या चित्रकाराची भिस्त प्रामुख्याने व्यक्तिचित्रांच्या मागणीवर होती. तळ्याकाठच्या धुक्याला गिऱ्हाईक विरळा. दरबाराच्या आधाराने ही ओढाताण कमी झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोल्हापुरात राहिल्याने ते मुंबईच्या कलाविश्वापासून दुरावले आणि त्यांची कीर्ती आकसली. हा तोटा खराच. तरीही एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या प्रहरी पाहत राहिल्याशिवाय ती चित्रे संभवत नव्हती, आणि तसे पाहायला त्याच गावात मुक्काम हवा होता.

शाहू महाराज १९२२ साली गेले, आबालाल १९३१ साली. आपल्या काही उपयोगाचे नसलेलेही कलावंताला करू देणे, ही आश्रयदात्याची खरी कसोटी. शाहू महाराज तिला उतरले. आता आश्रयदात्याची ती जागा आपल्याकडे, समाजाकडे आली आहे. आबालालांची जी चित्रे हाती उरली आहेत, त्यांचे शास्त्रशुद्ध जतन आणि नीट अभ्यास हे आपले थकलेले देणे आहे.