चित्राचा अदृश्य जोडीदार

संगणकाच्या पडद्यावर कागदाची, फायलीची किंवा केराच्या टोपलीची लहानशी आकृति दिसते. तीस आयकॉन म्हणतात. माउसचें बटण दाबतांच ती आकृति रंग पालटते, आणि निवड कोणाची झाली हें पाहणाऱ्यास कळतें. ही खूण चोख असणें अगत्याचें आहे. पुढची आज्ञा पुसून टाकण्याची असली, तर भलत्याच कागदाचा बळी जावयाचा!

या खुणेचा इतिहास पाहूं गेल्यास १९८४ सालाकडे वळावें लागतें. त्या वर्षीं २४ जानेवारीस अमेरिकेंत ॲपल कंपनीनें मॅकिंटॉश संगणक लोकांपुढें आणला. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा; प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, तिसरा रंग नाहीं. सूझन केअर या चित्रकर्तीनें त्याचे आयकॉन ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकटींत बसविले.

अडचण चित्रकलेची नव्हती. कागदाच्या आंतील पांढरा आणि बाहेरील पांढरा यांतील भेद डोळा जाणतो. यंत्रास दोन्ही सारखेच. मॅकिंटॉशची पार्श्वभूमि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मिश्रणानें करडी भासे. चौकट संपूर्ण छापावी, तर चित्राभोंवतीं पांढरें ठिगळ दिसावयाचें. केवळ काळे ठिपके छापावे, तर कागदांतून मागचा करडा डोकवावयाचा.

यावर तोड निघाली ती मास्कची. प्रत्येक आयकॉनास तेवढ्याच मापाची दुसरी आकृति जोडण्यांत आली. तींत वस्तूचें सर्व अंग काळें भरलेलें असे. रांगोळीच्या छापांतून जेथें भोकें तेथेंच रांगोळी उतरते, तसें मास्क सांगे तेवढ्याच जागेंत यंत्र चित्र काढी. निवड झाली कीं त्याच सीमेंत काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें होई. निवडीसाठीं निराळें चित्र सांठविण्याचें कारणच उरलें नाहीं.

त्या यंत्राची स्मृति अवघी १२८ किलोबाइट. चित्रास १२८ बाइट लागत, आणि मास्कास आणखी १२८. म्हणजे निम्मी जागा कधींहि न दिसणाऱ्या आकृतीस दिलेली! परंतु ती उधळपट्टी नव्हती. एकाच मास्कानें दोन कामें साधत होतीं.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनेंहि जोडीचाच मार्ग धरला. तेथें प्रत्येक ठिपक्यास दोन आकृतींतून एकेक अंक मिळे, आणि दोहोंच्या मेळानें चार गोष्टी साधत: काळा, पांढरा, मागचें जसेंच्या तसें, किंवा मागचें उलटें.

तरीहि मास्कास ‘आंत’ आणि ‘बाहेर’ एवढेंच ठाऊक होतें. म्हणून कडा करवतीसारख्या दिसत. अर्धपारदर्शक कडांचा विचार चित्रपटांच्या संगणककलेंत आधींच रुजला होता. लुकासफिल्ममधील टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं त्याचें गणित १९८४ सालींच प्रसिद्ध केलें होतें. २००१ सालीं मॅक ओएस टेन आणि विंडोज एक्सपी यांच्या आयकॉनांत प्रत्येक ठिपक्यास पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळाल्या, आणि सांवल्या मऊ झाल्या.

मास्क याप्रमाणें नाहींसा झाला नाहीं, सूक्ष्म झाला. वस्तु कोठें संपते हें यंत्रास आजहि वेगळें सांगावेंच लागतें.