खानदेशचे रंग आणि रंगारी

आश्विन महिना लागला कीं आजकाल घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो, "आज कोणता रंग?" नवरात्राच्या नऊ दिवसांस नऊ रंग वांटून दिलेले असतात, आणि त्या त्या दिवशीं जळगांवच्या स्टेशनावर किंवा धुळ्याच्या बाजारांत पाहावें तों स्त्रियांचे थवेच्या थवे एका रंगांत दिसतात. हा प्रघात फार जुना नाहीं. गेल्या वीस-बावीस वर्षांत वृत्तपत्रांच्या पुढाकारानें तो रूढ झाला. ज्योतिषांत वारांच्या ग्रहांचे जे रंग मानिले आहेत, त्यांचा त्याला थोडाबहुत आधार आहे. त्या निमित्तानें कचेरींतील अधिकारी स्त्री आणि तेथेंच झाडलोट करणारी बाई ह्या एका रंगांत शेजारीं उभ्या राहतात, म्हणून आम्ही त्याला नांवें ठेवीत नाहीं. परंतु त्याबरोबर रंगांच्या आध्यात्मिक अर्थांचे जे तक्ते छापून येतात, ते वाचून मनांत शंका उभी राहते. पांढरा म्हणजे शांति, तांबडा म्हणजे शक्ति, पिवळा म्हणजे ज्ञान, इतकें हें सोपें आहे काय? रंगाचा अर्थ रंगांत असतो, कीं तो वापरणाऱ्यांच्या आचरणांत? ज्या प्रांतानें एके काळीं स्वतःच्या हातानें रंग तयार केले, त्या खानदेशच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम शास्त्राचें मत पाहूं. श्वेताश्वतर उपनिषदाच्या चौथ्या अध्यायांत तांबडी, पांढरी आणि काळी अशा तीन रंगांची एक अजा वर्णिली आहे. सांख्यांनीं ती त्रिगुणात्मक प्रकृति मानिली, आणि तांबडा तो रजोगुण, पांढरा तो सत्त्वगुण, काळा तो तमोगुण, असा अर्थ लाविला. शंकराचार्यांस तो मान्य झाला नाहीं. त्यांनीं छांदोग्याच्या आधारें तेच रंग तेज, आप आणि अन्न यांचे ठरविले. म्हणजे रंगांच्या अर्थाविषयीं खुद्द आचार्यांतहि एकवाक्यता नाहीं.

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्यांतील चौदाव्या अध्यायाचा विषय हेच तीन गुण होत. गुण म्हणजे दोरीचा पेड. गीता तमाला आणि रजाला बंधन म्हणते, पण तेवढ्यावर थांबत नाहीं. सत्त्वहि सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीनें मनुष्याला बांधतें, असें ती बजावते. पांढरा पेड झाला तरी तो दोरीचाच. तेव्हां एखादा रंग अंगावर घेतल्यानें कोणी आपोआप सात्त्विक होईल, असा भरंवसा शास्त्रानें कोठें दिलेला दिसत नाहीं.

आतां शास्त्र सोडून बाजारांत येऊं. आजच्या जळगांव जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, यावल तालुक्यांत फैजपूर हें गांव आहे. केळीच्या बागांमुळें हा टापू आज सर्वांस परिचित आहे; परंतु ब्रिटिश अमदानीच्या गॅझेटियरांत फैजपूरचा लौकिक नोंदविला आहे तो छापील कापडासाठीं आणि तेथील गडद निळ्या व तांबड्या रंगांसाठीं. रंगारी आणि निळारी यांची ती वस्ती होती.

तांबडा रंग येई तो आल नांवाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून. झुडूप तीन-चार वर्षांचें झालें म्हणजे जमीन खोल खणून मुळ्या काढावयाच्या. त्यांत बारीक मुळ्या उत्तम, जाड मुळ्या टाकाऊ. कापड आधीं तेलांत व खारांत बुडवून उन्हांत वाळवावयाचें, आणि असें पुनःपुनः करावयाचें. मग तुरटी द्यावयाची आणि शेवटीं मुळ्यांच्या पाण्यांत उकळावयाचें. तुरटी नसेल तर रंग धरत नाहीं. इतक्या खटपटीनें चढलेला रंग मात्र कापड फाटेपर्यंत टिके. व्यापाऱ्यांच्या वह्यांस आणि पोथ्यांच्या बासनांस जो जाडाभरडा तांबडा खारवा लागे, तो ह्याच जातीचा.

करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग ह्याच्या अगदीं उलट. पाकळ्यांतील पिवळा अंश पाण्यानें धुऊन टाकावयाचा, पापडखारानें तांबडा अंश सोडवावयाचा आणि लिंबासारख्या आंबटानें तो खुलवावयाचा. दिसावयास मोठा मोहक, पण दोन धुण्यांत आणि चार उन्हांत उडून जाणारा. गुरु ग्रंथसाहिबांत संसारसुखाला कुसुंब्याची आणि ईश्वरप्रेमाला मंजिष्ठेची उपमा दिलेली आहे, ती ह्याच अनुभवावरून. आपल्या नामदेवांचींहि पदें त्या ग्रंथांत आहेत. मराठींत कीर्तनाला रंग चढतो, मन रंगून जातें, मनुष्य पक्क्या किंवा कच्च्या रंगाचा निघतो, रंगाचा बेरंग होतो. हे सर्व शब्दप्रयोग रंगाऱ्याच्या धंद्यांतले आहेत. अध्यात्माची ही भाषा घडविण्यांत रंगाऱ्याच्या रांजणाचाहि वांटा आहे, ह्याचें स्मरण आपण क्वचितच ठेवितों.

निळीची गोष्ट तर ह्याहून विलक्षण. नीळ चुना, गूळ वगैरेंच्या योगानें रांजणांत आंबवीत. त्यांत बुडविलेलें कापड बाहेर काढतांना पिंवळट-हिरवें दिसतें, आणि वारा लागला म्हणजे पाहतां पाहतां निळें होतें. परंतु स्मृतींनीं ह्याच निळीनें रंगविलेलें वस्त्र ब्राह्मणाला निषिद्ध ठरविलें. इकडे मेघश्याम म्हणून कृष्णाला आळवावयाचें, आणि तिकडे निळारी ज्या वस्त्रासाठीं कोपरापर्यंत हात निळे करी तें वस्त्र अपवित्र मानावयाचें! देवाच्या अंगावरील वर्ण पवित्र आणि कष्टकऱ्याच्या हातांतील अपवित्र, हा निवाडा रंगानें केलेला नाहीं. तो समाजानें केलेला आहे. दूर बिहारांत निळीला जुलमाचा अर्थ आला. तेथें मळेवाल्यांनीं रयतेकडून सक्तीनें नीळ पेरवून घेतली, आणि त्यांतून १९१७ सालचा चंपारण्याचा सत्याग्रह उभा राहिला.

पण तोंपर्यंत खऱ्या निळीचे दिवस भरत आले होते. १८५६ सालीं विल्यम पर्किन ह्या इंग्रज तरुणानें डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेंतील तांबडें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि १८९७ सालापासून कारखान्यांतील नीळ बाजारांत आली. तीन-चार वर्षें वाट पाहून मुळ्या खणणाऱ्या शेतकऱ्याचा व रंगाऱ्याचा त्यांच्यापुढें काय पाड! आल शेतांतून गेला, निळीचे रांजण कोरडे पडले. ह्या हानीबद्दल हळहळ वाटते, परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या गरिबाच्या बायकोला जन्मांत एखादेंच रंगीत लुगडें मिळे, तिला ह्या स्वस्त रंगांनीं चार लुगडीं दिलीं. रंग स्वस्त झाला हें अनिष्ट झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र रंग कोणी केला, त्यासाठीं किती श्रम पडले, ही ओळख पुसली गेली, आणि त्या रिकाम्या जागीं छापील तक्ते आले.

ह्यापुढील उदाहरण प्रत्येक घरांतलें आहे. हळद पिवळी, कुंकूं तांबडें. परंतु चांगलें कुंकूं होतें तें हळदीचेंच. हळदीला टाकणखार, लिंबाचा रस इत्यादिकांचीं पुटें दिलीं म्हणजे तीच तांबडी होते. दोन्ही एकाच मातींतलीं. पण ह्या दोन रंगांवर आम्हीं जो अर्थ लादला, त्यानें स्त्रियांचे दोन वर्ग पाडले. नवरा जिवंत आहे तिच्या कपाळीं तांबडें कुंकूं. तो गेला कीं तें पुसावयाचें. आणि पुष्कळ ब्राह्मण घरांत त्या अभागिनीला केशवपन करून नेसावयास काय देत? तांबडेंच आलवण! तोच तांबडा रंग कपाळावर सौभाग्य आणि अंगावर वैधव्य. ज्यांना रंगांत उपजत मंगलता दिसते, त्यांनीं ह्या एका विसंगतीचें उत्तर द्यावें. काळ्याचीहि हीच गत. एरव्हीं अशुभ म्हणून टाळलेला काळा रंग संक्रांतीला चंद्रकळेच्या रूपानें कौतुकानें नेसतात, आणि मंगळसूत्रांत तर त्यावांचून चालत नाहीं.

अर्थ माणसांनीं दिलेला असेल, तर तो माणसांना बदलतांहि येईल. ह्याचा पुरावा पुनः फैजपूरच देतें. १९३६ सालच्या डिसेंबरांत पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन तेथें भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्या साध्या साहित्यानें तेथील शोभा उभी केली. काँग्रेसच्या ध्वजाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९२१ च्या सुमारास ध्वजाची कल्पना निघाली तेव्हां त्यांतील रंग निरनिराळ्या धर्मसमाजांचे मानिले गेले होते. त्यांतून वाद उद्भवले, आणि १९३१ सालीं काँग्रेसनें विचारपूर्वक नवा अर्थ ठरविला. केशरी रंग धैर्य व त्याग यांचा, पांढरा सत्य व शांति यांचा, हिरवा श्रद्धा व शौर्य यांचा. कोणताहि रंग कोणा एका धर्माचा नव्हे. त्या ध्वजाच्या मधोमध चरखा होता, आणि त्याचा रंग निळा होता. स्मृतींनीं वाळीत टाकलेला निळा रंग राष्ट्राच्या ध्वजावर मधल्या जागीं येऊन बसला.

निळ्याचें भाग्य आणखीहि उजळावयाचें होतें. १९३७ सालीं एका खटल्यासाठीं डॉ. आंबेडकर धुळ्यास आले होते आणि जवळच लळिंगच्या बंगल्यांत उतरले होते. पुढें १९४२ सालीं त्यांनीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापिलें, आणि त्या पक्षानें निळा ध्वज घेतला. आज खानदेशांतील खेड्यापाड्यांत तो रंग कोट्यवधि लोकांच्या स्वाभिमानाची खूण म्हणून फडकतो. रंगाचें रसायन तेंच राहिलें. त्याच्याखालीं उभी राहणारीं माणसें ताठ मानेनें उभीं राहिलीं, आणि अर्थ बदलला.

असो. मग नित्याच्या व्यवहारांत रंगांचा उपयोग कसा करावा? ग्रहांचे रंग ज्यांस पाळावयाचे असतील त्यांनीं खुशाल पाळावे. आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक रंगाशीं एकेक आचार जोडावा. पांढरें वस्त्र नेसलों म्हणून शांति आली असें न समजतां, त्या दिवशीं घरांतील नोकरमाणसांवर आवाज चढला नाहीं ना, हें पाहावें. भगव्याला वंदन करतांना आपण काय सोडलें, हें स्वतःला विचारावें. हातमागाचें लुगडें घेतांना तें कोणी विणलें व रंगविलें, हें दुकानदाराला विचारण्याची संवय लावावी, आणि किंमतींत घासाघीस करतांना त्या हातांची आठवण ठेवावी.

आणि सर्वांत मोठी कसोटी हळदीकुंकवाच्या तबकाशीं आहे. २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनीं तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. ठराव गांवाचा झाला तरी त्याची अंमलबजावणी माजघरांत व्हावयाची आहे. येत्या संक्रांतीला आपल्या घरीं बायका जमतील, तबक फिरूं लागेल, आणि कोपऱ्यांत एखादी काकू किंवा आत्या आपली पाळी नाहीं असें समजून मागें सरेल. त्या वेळीं तबक घेतलेला हात तिच्यापुढें थांबला, तर त्या घराला रंगांचा अर्थ कळला असें आम्ही म्हणूं.